तान्ह्या पोळ्यातलं गणित

दुसरीच्या पहिल्या सत्रात काय शिकवतात, त्याची विषयवार यादी एका लेखात वाचली; ती ठीक आहे. आमच्या यवतमाळकडं मात्र विषय असे वेगवेगळे राहत नाहीत, बाप्पा. उन्हापायी शाळा उघडते जूनच्या शेवटी, अन् पाहता पाहता पोळा येतो. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या लाकडी बैलांच्या पोळ्याला, दुसरीतल्या नातवानं बैल रंगवला, वहीत त्याच्यावर पाच ओळी लिहिल्या. एक मात्रा खाल्ली, म्हणून बैलाचा बेल झाला! बोजारा, म्हणजे बैल घेऊन घरोघरी गेलं की मिळणारे पैसे, मिळाला एका गल्लीत ३८ रुपये, दुसऱ्या गल्लीत २७. शाळेत काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधूनही न उमगलेला हातचा तिथं ओट्यावर ही बेरीज करताना उमगला. इंग्रजी कविता तोंडपाठ आहे, अर्थ विचारू नका. परिसर अभ्यास तिसरीपासून. पण कपाशीवरची बोंडअळी पोरगा आत्ताच ओळखतो.