वाघ म्हणजे केळीचा मुनवा नव्हे

रावेर-यावलपासून शहाद्यापर्यंतच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: टास्मानियन वाघाचा (म्हणजे आपला वाघ नव्हे, ऑस्ट्रेलियाजवळच्या टास्मानिया बेटावरचा नामशेष झालेला पिशवीवाला शिकारी प्राणी) ९९.९ टक्के डीएनए हाती आलाय. कांगारूसारख्या पिशवीवाल्या प्राण्यांना वार (गर्भाला आईशी जोडणारी) नसते, पिल्लू पिशवीतच घडतं, म्हणून उंदराएवढी मादीसुद्धा हा वाघ जन्माला घालेल. आपली टिश्यू कल्चरची केळी होते तसंच हे. तेव्हा एखादी जात संपली तरी आता घाबरायचं कारण नाही.

यातली एक गोष्ट बरीचशी खरी आहे. घोळ तिथूनच सुरू होतो, पण आधी केळीचं बघू.

मुनव्याच्या (बुंध्यालगत फुटणाऱ्या पिलाच्या) कंदातला वाढीचा कोंब कापून बाटलीत लावतात. त्या कोंबात अख्खं झाड उभं करायची ताकद मुळातच असते. पीलबाग धरणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. तरीही बाटलीतल्या फेऱ्या फार वाढवल्या तर जातीबाहेरची रोपं निघतात, म्हणून लॅबवाले साधारण आठ फेऱ्यांवर थांबतात. प्राण्याच्या कातडीच्या पेशीत असा कोंब नसतो. तिचं केंद्रक बीजांडात घालायचं, ते बीजांड वाढवायचं आणि मग ते वाढवायला आई शोधायची. या पद्धतीने आजवर एकही पिशवीवाला प्राणी जन्मलेला नाही.

९९.९ टक्के हा आकडा ‘कोलॉसल’ या अमेरिकी कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये दिला. तो जुन्या नमुन्यातला जनुकसंच किती पूर्ण वाचता आला याचा आहे, वाघ किती तयार झाला याचा नाही. शिवाय डीएनएच्या तीन अब्ज अक्षरांत ०.१ टक्का म्हणजे तीस लाख अक्षरं. त्याच वेळी डनार्ट या उंदराएवढ्या पिशवीवाल्या प्राण्याच्या पेशींमध्ये ३०० हून जास्त बदल केल्याचं कंपनीने सांगितलं. डनार्ट आणि थायलसीन (टास्मानियन वाघाचं खरं नाव) यांच्या वाटा साडेतीन कोटी वर्षांपूर्वीच फुटल्या आहेत. तीनशे बदलांनी काही खुणा उमटतील, पण थायलसीन होणार नाही.

‘वार नसते’ हे तर सरळ चूक. वार असते. बहुतेकांत ती गर्भाच्या पीतक (बलकाच्या) पिशवीपासून बनते आणि थोडे दिवस टिकते. कोआला आणि बँडिकूट या ऑस्ट्रेलियातल्या पिशवीवाल्या प्राण्यांत तर आपल्यासारख्या घडणीची दुसरी वारही असते. खरी अडचण त्याच्याही आधीची आहे. फलित बीजांड नळीतून उतरताना त्यावर आधी श्लेष्माचा थर आणि मग पातळ कवच चढतं. टामार वॉलबी या छोट्या कांगारूसारख्या प्राण्याचा गर्भकाळ साडेसव्वीस दिवसांचा, त्यात हे कवच अठराव्या दिवसापर्यंत टिकतं. जनुकबदलाची सुई या कवचातून घालताना गर्भ फुटतो. पाहिजे तर कवच चढायच्या आधीचं बीजांड घ्या, पण मग दुसरी पंचाईत: अनेक जातींत सुरुवातीच्या पेशी एकमेकींना नाही, बाहेरच्या आवरणाला धरून बसतात. आवरणाचा आधार गेला की त्या विखुरतात. २०२१ मध्ये जपानच्या रिकेन संस्थेत सूक्ष्म थरथरणाऱ्या (पिएझो) सुईने कवच भेदून ओपॉसम या अमेरिकेतल्या छोट्या पिशवीवाल्या प्राण्याचं पहिलं जनुक-संपादित पिल्लू मिळालं. बदल एकाच जनुकात होता, रंगाच्या. बीजांडात शुक्राणू टोचून कांगारूचा गर्भ प्रयोगशाळेत तयार व्हायला २०२५ उजाडलं, आणि तोही पिल्लू नव्हे, गर्भच.

आता ती खरी गोष्ट. डनार्ट मादी दहा-वीस ग्रॅमची असते आणि तिचा गर्भकाळ सुमारे साडेतेरा दिवसांचा. पिल्लू जन्मतं तेव्हा चार मिलिमीटर, म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढं, वजनाला त्याच्याही निम्मं. डोळे बंद, मागचे पाय म्हणजे नुसते कोंब. मात्र पुढचे पाय आणि तोंड तयार, कारण सडापर्यंत सरपटत जाऊन तो धरायचा असतो. एवढंसं पिल्लू लहान आईच्या पोटात मावेल, हे मान्य.

पण बाकीचं सगळं काम सडावर होतं, आणि मजकुरात सडाचं नावही नाही. सडाचं टोक पिल्लाच्या तोंडात फुगतं आणि अडकून बसतं. ओढून काढलं तर ओठ फाटतात आणि लहान पिल्लाला पुन्हा सड धरता येत नाही. म्हणूनच गाडीखाली मेलेल्या कांगारूच्या पिशवीतलं पिल्लू सोडवणारे सड आईच्या अंगालगत कापतात आणि पिल्लाने तो गिळू नये म्हणून पिशवीच्या कापडाला टाचतात.

आणि दूध. टामार वॉलबीच्या पहिल्या शंभर दिवसांच्या दुधात शर्करा जास्त, स्निग्धांश कमी. दोनशे दिवसांपुढे शर्करा घटते आणि स्निग्धांश चढतो. गाईचा चीक चार दिवसांत दुधावर येतो. इथे तो बदल महिनोन्‌महिने चालतो. वेळापत्रकही कासेचं, पिल्लाच्या वयाचं नव्हे. साठ दिवसांचं पिल्लू १२० दिवसांच्या दुधावर लावलं तर तेच घाईने वाढतं, कास मागे फिरत नाही. तांबड्या कांगारूची मादी तर शेजारच्या दोन सडांतून एकाच वेळी दोन वेगळी दुधं देते. डनार्टचं पिल्लू सत्तरेक दिवसांत दूध सोडतं. सतरा किलोच्या प्राण्याचं पिल्लू त्या सत्तर दिवसांत कुठे पोचणार? कंपनी कृत्रिम पिशवीची भाषा करते, पण त्यात ओतायचं कोणतं दूध? थायलसीनचं दूध कुणी कधी तपासलेलंच नाही.

हेच ज्ञान जिवंत जातींना आज उपयोगी पडतं आहे. ऑस्ट्रेलियात ब्रश-टेल्ड रॉक वॉलबीचं पिल्लू सडावरून काढून दुसऱ्या जातीच्या वॉलबीला लावतात. मूळ मादीच्या पोटात थांबून राहिलेला गर्भ मग वाढू लागतो आणि महिनाभरात दुसरं पिल्लू येतं. धात्री अशी निवडतात की तिचं पिल्लू जवळपास तेवढंच असेल, म्हणजे दूध आणि सडाची जाडी जुळते. तिचं पिल्लू होतं तोच सड चालतो, बाकीचे तीन कोरडे असतात. तिच्या पिल्लाला मात्र जागा सोडावी लागते. ही किंमत कुणी फॉरवर्ड करत नाही.

‘जात संपली तरी काळजी नको’ म्हणणाऱ्यांसाठी थोडा हिशोब. टास्मानियात १८८८ ते १९०९ सरकार प्रौढ थायलसीनमागे एक पौंड बक्षीस देत होतं. संरक्षण मिळालं जुलै १९३६ मध्ये. शेवटचा ज्ञात प्राणी होबार्टच्या पिंजऱ्यात ७ सप्टेंबरला, ५९ दिवसांनी मेला.

संपलेला समजला गेलेला एक जीव आपल्याकडे परत आलेला आहेच, आणि त्याला ना सुई लागली ना बाटली. रानपिंगळा या छोट्या घुबडाचा शेवटचा नमुना १८८४ चा. त्यानंतर ११३ वर्षांनी, नोव्हेंबर १९९७ मध्ये, पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट या पक्षी-अभ्यासकांना तो शहाद्याजवळ दिसला. त्याला घरट्यासाठी जुन्या झाडाची ढोली लागते, आणि ती त्याला स्वतःला कोरता येत नाही. सातपुड्यातला पोकळ बुंधा सरपणाला गेला की जोडीला दुसरी ढोली शोधत हिंडावं लागतं.