खुनी कोण, आणि माई कशा आहेत

दर रविवारी संध्याकाळी सिडनीहून कुडाळला फोन लावते, आणि आईकडे फोन जाईपर्यंत दादाशी वाद झालेला असतो. वाद जुना आहे, २०१६ मध्ये ‘रात्रीस खेळ चाले’ या टीव्ही मालिकेचं पहिलं पर्व संपलं तेव्हापासूनचा. मालिकेतला आकेरीचा वाडा आमच्या घरापासून फार लांब नाही, त्यामुळे आमच्याकडे ती शेजारच्या गावातल्या बातमीसारखी बघितली जायची. दादा आजही म्हणतो, "किती धागे तसेच सोडल्यानी! शेवट काय माका पटाक नाय."

त्याचं अगदीच चूक आहे असं नाही. रोज रात्री भीती दाखवून प्रेक्षकाला उद्यासाठी बांधून ठेवायचं आणि शेवटी हात झटकायचे, ही फसवणूकच. पण म्हणून उत्तर मिळालं नाही तर मालिका वाया गेली, हे मला मान्य नाही. जानेवारी २०१९ मध्ये दुसरं पर्व आलं, ते मागच्या काळातलं. वाड्याचे कर्ते अण्णा नाईक मरणार, हे पहिल्या दिवसापासून सगळ्यांना माहीत होतं, कारण पहिल्या पर्वाची सुरुवातच त्यांच्या मृत्यूनं झाली होती. तरी घरोघरी अण्णा आणि त्यांची प्रेयसी शेवंता यांच्याशिवाय दुसरा विषय नव्हता. अण्णांची बायको, माई, त्याच माणसाच्या घरात दिवस कसे काढतात, हे बघायला लोक बसायचे. दादासुद्धा.

इथे आल्यावर मी ‘लॉस्ट’ ही अमेरिकन मालिका बघितली. २००४ ते २०१०, सहा पर्वं. सिडनीहून लॉस एंजेलिसला निघालेलं विमान एका बेटावर कोसळतं, आणि मग एकावर एक कोडी. शेवटचा भाग लागला तेव्हा अमेरिकेत प्रेक्षक थेट दोन गटांत विभागले, दादासारखे आणि माझ्यासारखे. त्यातला चौथ्या पर्वातला एक भाग माझ्या मनातून जात नाही. डेसमंडचं मन १९९६ आणि २००४ या दोन काळांत हेलकावे खातंय. १९९६ मध्ये तो दुरावलेल्या प्रेयसीच्या, पेनीच्या दारात उभा राहून तिचा फोन नंबर मागतो. सांगतो, मी आठ वर्षं फोन करणार नाही, फक्त नंबर बदलू नकोस. २००४ च्या नाताळच्या आदल्या दिवशी, समुद्रात उभ्या असलेल्या जहाजावर मोडक्या यंत्राला कशीबशी वीज जोडून तो नंबर लावतो. घंटा वाजते. ती उचलते. दोघं एकमेकांचं बोलणं तोडत बोलत राहतात आणि वीज संपते. मन काळातून उड्या का मारत होतं, याचं स्पष्टीकरण मालिकेत होतं. मला ते आता धड सांगताही येणार नाही. ती घंटा मात्र अजून ऐकू येते. घरापासून लांब राहणाऱ्या कुणालाही येईल.

मे २०२१ मध्ये बाबा गेले. ऑस्ट्रेलियाच्या सीमा मार्च २०२० पासून बंद होत्या, नोव्हेंबर २०२१ पर्यंत नीट उघडल्या नाहीत. मी निघू शकले नाही. पुढचे कित्येक आठवडे मी दादाला फोनवर तेच तेच विचारत राहिले. ऑक्सिजन किती होता, डॉक्टर किती वाजता आले, शेवटी काही बोलले का. त्याच्याकडे उत्तरं नव्हती, आणि मी ती मागत होते, जणू सगळी जुळली की बाबांचं जाणं मला समजणार होतं. एका रात्री त्यानं मध्येच भलतंच सांगितलं. पहाटे हॉस्पिटलातून परत येताना तो रस्त्यावरच्या टपरीवर थांबला आणि सवयीनं दोन चहा सांगितले. दुसरा कप समोर आला तेव्हा त्याला कळलं. दोन्ही चहा तो तिथेच उभ्यानं प्याला.

त्यानंतर मी ऑक्सिजनचं विचारलं नाही.

हे मी दादाला वादात कधी सांगितलेलं नाही. त्याला खुनी कोण ते नीट कळायला हवं, असू दे. गेल्या आठवड्यात आईनं त्याला दुसरं पर्व पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितलं. पुढचं सगळं तिला पाठ आहे. "माईचे हाल माका बघवनत नाय," असं मला फोनवर म्हणाली, आणि मागून खुर्ची टीव्हीजवळ ओढल्याचा आवाज आला.