गेंड्याचे चाराणे लाखाला जात नाहीत

‘घरातली जुनी नाणी शोधा, सेट पूर्ण करा, लखपती व्हा’ असा एक निरोप सध्या नातेवाइकांच्या ग्रुपांवर फिरतोय. 786 आकड्याची नोट, वैष्णोदेवीचं 5 रुपयांचं नाणं आणि गेंड्याचं चित्र असलेले चाराणे (25 पैसे) लाखांना जातात. नाणी चिंचेने घासली की भाव वाढतो. जुन्या बाजारातून पडत्या भावात शिवराया, म्हणजे शिवाजी महाराजांनी सुरू केलेली तांब्याची नाणी, घेऊन सेट लावला की दहापट पैसे. परदेशी संग्राहक मागाल ती किंमत देतात. आणि शेवटी, रिझर्व्ह बँकेने नेमलेले खरेदीदार थोडं नोंदणी शुल्क घेऊन घरपोच रक्कम देतात. हे सगळं त्यात आहे.

एरवी मी असले निरोप पुसून टाकतो. पण हा माझ्या आत्यापर्यंत पोचला. तिने तो खरा मानला, आजोबांच्या डब्यातली नाणी घासली आणि फोनवरच्या कुणा ‘अधिकाऱ्या’ला पैसेही पाठवले. त्यामुळे आता सविस्तर लिहितो.

आधी शुल्काचं, कारण माणसं लुबाडली जातात ती तिथे. रिझर्व्ह बँकेने 4 ऑगस्ट 2021 रोजी याच प्रकाराबद्दल प्रसिद्धिपत्रक काढलं. बँक जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत पडत नाही, त्यासाठी कुणाकडूनही शुल्क किंवा कमिशन मागत नाही आणि आपल्या नावाने ते गोळा करण्याचा अधिकार तिने कोणत्याही संस्थेला, कंपनीला वा व्यक्तीला दिलेला नाही, असं त्यात स्वच्छ म्हटलंय. मग ‘बँकेने नेमलेला खरेदीदार’ आला कुठून? तो नाहीच. आधी नोंदणीचे थोडे पैसे मागतात, मग जीएसटी, मग विमा, मग ‘ना हरकत’ प्रमाणपत्र. सोबत बँकेचं बोधचिन्ह छापलेलं पत्र येतं. प्रत्येक रक्कम कबूल केलेल्या लाखांपुढे किरकोळ वाटते, म्हणून माणूस भरत जातो. खरा व्यापारी नाणं हातात घेऊन बघतो आणि पैसे तुम्हाला देतो. विकणाऱ्याकडूनच आधी पैसे मागितले, की बोलणं तिथेच थांबवा.

आता 786. नोटेवरचा क्रमांक सहा आकडी असतो. दर दहा लाख नोटांच्या मालिकेत 786 हे आकडे सलग आलेल्या नोटा 3,999 निघतात. कागद घेऊन मोजून बघा. अशा मालिका किती छापल्या जातात याचा विचार केला तर ही नोट दुर्मिळ कशी म्हणायची? हौस म्हणून कुणी थोडे जास्त पैसे देतं, एवढं खरं. लाख नाही.

वैष्णोदेवीचं नाणं 2012 मधलं, चलनासाठीच पाडलेलं. गेंड्याचे चाराणे 1988 पासून स्टेनलेस स्टीलमध्ये आले आणि 30 जून 2011 पासून चलनातून गेले. चलनातून गेलं म्हणजे दुर्मिळ झालं असं होत नाही. बरण्या भरून पडलेत लोकांच्या घरी. संकेतस्थळावर कुणी ‘10 लाख’ लिहिलं तर ती त्याची मागणी झाली. त्या भावाने विकलं गेलं का, हे कुणी विचारत नाही.

घासण्याच्या सल्ल्याने मात्र मला खरा संताप येतो. तांब्याच्या नाण्यावर जो गडद थर चढतो तो वर्षानुवर्षांचा असतो आणि धातूचं रक्षणही करतो. चिंच-मिठाने तो थर जातो, नाणं गुलाबी दिसायला लागतं आणि झिजून आधीच पुसट झालेली अक्षरं आणखी जातात. आत्याच्या डब्यात दोन शिवराया होत्या. एकीवर ‘श्री राजा शिव’ मधलं ‘श्री’ आता बोटाला लागतसुद्धा नाही. पैसे कदाचित परत मिळतील. ते अक्षर मिळणार नाही.

पडत्या भावात शिवराया मिळतात, हे मान्य करावं लागेल. पण स्वस्त मिळतात त्या बहुतेक उत्तर मराठेशाहीतल्या, उदाहरणार्थ ‘दुदांडी’ नावाचा प्रकार. त्या मोठ्या संख्येने पाडल्या गेल्या आणि पुढे इंग्रजी अमलातही खेड्यापाड्यांत चालत राहिल्या. विक्रेता प्रत्येकीला ‘महाराजांच्या काळातली’ म्हणतो. म्हणून अक्षराचं वळण, वजन, मागच्या बाजूची ओळ बघायला शिकावं लागतं. आणि कुणी शिवाजी महाराजांचा सोन्याचा होन स्वस्तात देत असेल तर तो घ्यायचाच नाही.

स्वस्तात संग्रह पूर्ण करणं शक्य आहे, पण ते हळूहळू होतं. स्वतंत्र भारताचा एक रुपया वर्षवार आणि टांकसाळवार लावायला घ्या. सालाखाली चौकटचा शंकरपाळा दिसला तर मुंबई, तारा हैदराबाद, गोल ठिपका नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. बहुतेक जागा सुट्ट्या पैशांतून आणि अदलाबदलीतून भरतात. अडतात त्या मोजक्या, त्यांच्यासाठी पैसे राखून ठेवायचे. इंग्रजी अमलातले रुपये लावत असाल, तर अशी अडणारी जागा म्हणजे 1911 चा पंचम जॉर्जचा रुपया. राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा वाटला, ओरड झाली आणि पुढच्या वर्षी चित्र बदललं. त्या रुपयाला खरोखर चांगला भाव आहे. सहाव्या जॉर्जचा 1939 चा चांदीचा रुपया तर त्याहून दुर्मिळ, आणि म्हणूनच त्याच्या बनावट प्रती बाजारात आहेत. जाणकाराला दाखवल्याशिवाय घेऊ नका.

परदेशी संग्राहकाबद्दल फार लिहायला नको. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार 100 वर्षांहून जुनं नाणं देशाबाहेर पाठवणं खासगी माणसाला मना आहे. निरोप लिहिणाऱ्याने हे सांगितलेलं नाही. जुन्या 500-1000 च्या नोटांचे गठ्ठे ‘संग्रहासाठी’ मागणारेही फिरतायत. 2017 च्या कायद्याने त्या दहापेक्षा जास्त बाळगता येत नाहीत, आणि अभ्यास, संशोधन किंवा नाणेसंग्रहासाठी मर्यादा 25 आहे.

कुणी आधीच पैसे पाठवले असतील तर लाजून गप्प बसू नका. लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, बँकेला कळवा आणि त्या माणसाशी झालेलं चॅट पुसू नका. तक्रार करताना तेच दाखवावं लागतं.