खुलासा : रोझवूड नसेल तर गिटार 'पत्र्यासारखी' वाजते?

"मागची फळी रोझवूडची नसेल तर गिटार पत्र्यासारखी वाजते, कानाला लगेच कळतं" हा मेसेज सध्या फिरतोय. (रोझवूड हे गिटारीच्या मागच्या आणि बाजूच्या फळ्यांसाठी वापरलं जाणारं एक लाकूड.) तो चुकीचा आहे.

इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली हेच तपासून निष्कर्ष छापले. सहा अकूस्टिक (विजेशिवाय वाजणाऱ्या) गिटारी, बांधणी एकच, पुढची फळी सगळ्यांना सिटका स्प्रूस या लाकडाची. फक्त मागचं आणि बाजूंचं लाकूड वेगळं. ५२ वादकांनी मंद उजेडात, डोळ्यांवर वेल्डिंगचे गॉगल चढवून त्या वाजवल्या. महागड्या ब्राझिलियन रोझवूडला आणि स्वस्त सापेली लाकडाला जवळपास सारखेच गुण! रोझवूडच्या आवाजाला 'उबदार', 'खणखणीत' म्हणणारे खोटं बोलत नाहीत, पण लाकूड आधी दिसलं की कानही त्याच्यामागे जातो.

मेसेज आला तर कृपया पुढे पाठवू नका. नवशिके उगाच जास्त पैसे मोजतात.