‘टोळी’ हा शब्द मागे घेतो, सगळं नाही

कुपवाडकर दादा,

एमआयडीसीतल्या बंद पडलेल्या वर्कशॉपच्या लिलावात मी सहा फुटी लेथ, म्हणजे धातू कातायचं यंत्र, कसं घेतलं, त्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा कागद-पेन घेऊन बसलो आणि निम्म्या गोष्टींत तुमचंच बरोबर निघालं.

तुम्ही म्हणता, वडिलांची तीस वर्षं भंगाराच्या धंद्यात गेली, आम्हा व्यापाऱ्यांना ‘टोळी’ म्हणणारे तुम्ही कोण? तुम्ही यंत्र आधी नीट बघितलं नाही, लिलावात एकदा बोललं की बोललं, आणि हौशी लोक भाव चढवून जातात नि मागून रडतात.

‘टोळी’ची चूक माझीच. सात-आठ व्यापारी ४० हजारांच्या आसपास एकदम गप्प झाले, ते मला ठरवून केल्यासारखं वाटलं. परवा वजन मांडलं. लेथ साधारण १,२०० किलो, त्या आठवड्यात बिडाचा (ओतीव लोखंडाचा) भाव किलोला ३८ रुपये, म्हणजे ४५,६००. त्यातून तोडणी, हायड्रा (उचलायची क्रेन), मजुरी वजा करा. सगळ्यांच्या डोक्यात एकच वजनकाटा असेल तर आकडाही एकच येणार, त्याला संगनमत कशाला लागतं? शब्द मागे घेतो.

माझा आकडा आला होता नव्या लेथच्या कोटेशनमधून. नवं सव्वातीन लाखांना, मग हे ८० हजारांत म्हणजे फुकटच की! ४० च्या पुढे मैदानात मी आणि मिरजेचा एक जॉबवर्कवाला (दुसऱ्यांची यंत्रकामं करून देणारा), दोघंच. ‘हे चालेल’ या नुसत्या भरवशावर मी वरचे ४० हजार घातले. पूर्ण ८० हजारांवर १८ टक्के जीएसटी, १४,४००. तुमची नोंदणी आहे, तुम्हाला तो वळता करून घेता येतो. माझी नव्हती, सगळा अंगावर. म्हणजे तोंडातून ८० निघाले तेव्हाच खिशातून ९४,४०० गेले होते. पुढे हायड्रा आणि टेम्पो ९,०००, मोटर-स्टार्टर ११,५००. एकूण १,१४,९००. लेखात मी फक्त ८० हजार लिहिले होते, ती लबाडी नव्हे, पण अर्धवटपणा नक्कीच.

‘बघितलं नाही’ हे मात्र ऐकून घेणार नाही. पाहणीला दीड तास होता आणि शेडची वीज तोडलेली. मोटर नाही हे दिसत होतं, लेखातही लिहिलंय. दिसला नाही तो बेड, म्हणजे लेथचा खालचा लांब पाया. लेथवरचं बहुतेक काम चकाजवळ, म्हणजे वस्तू पकडून फिरवणाऱ्या जबड्यांजवळ होतं, त्यामुळे बेड झिजतो तोही तिथेच. कॅरेज, म्हणजे बेडवर सरकणारा हत्यार धरायचा भाग, हाताने या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं. चकाजवळ सैल चाललं आणि टेलस्टॉककडे, म्हणजे दुसऱ्या टोकाकडे जाताना आवळत गेलं की समजायचं, झीज आहे. हे मला नंतर माधवनगरच्या एका जुन्या फिटरनी सांगितलं. त्या दिवशी मी कॅरेज वीतभर पुढे-मागे केलं आणि मान डोलावली. उरलेल्या बेडवर दुसऱ्या लॉटची लोखंडी पेटी ठेवली होती. ‘ही जरा बाजूला घ्या’ म्हणायची लाज वाटली. तुमच्या वडिलांना वाटली नसती, कबूल. पण न बघणं वेगळं आणि काय बघायचं हे ठाऊक नसणं वेगळं. माझा लेख या दुसऱ्या माणसांसाठी आहे.

‘एकदा बोललं की बोललं’ ही बाजाराची रीत झाली. १९३० च्या माल विक्री कायद्याचं कलम ६४ म्हणतं, हातोडा पडेपर्यंत, म्हणजे विक्री पुरी झाल्याचं जाहीर होईपर्यंत, बोली मागे घेता येते. फक्त आपण सही केलेल्या अटीपत्रात अनामत जप्त करायची ओळ असली तर तीही आधी वाचलेली बरी. आमची अनामत १०,००० होती. मी अटीपत्र वाचलं ते टेम्पोत बसून, परत येताना.

त्याच कलमात असंही आहे की भाव चढवायला विकणाऱ्यानेच खोटी बोली लावली, तर घेणाऱ्याला व्यवहार मोडता येतो. मिरजेच्या त्या गृहस्थांबद्दल मी तसं सुचवलं होतं. गेल्या महिन्यात ते एका दुकानात भेटले. त्यांच्याकडे बसेल अशी मोटर पडूनच होती आणि जीएसटी नोंदणीही होती, त्यामुळे त्यांना तो भाव परवडत होता. पुराव्याशिवाय तसं लिहायला नको होतं. ते वाक्य आज काढलं.

राहिले हौशी लोक. आम्ही आलो की तुमचं गणित बिघडतं, समजू शकतो. पण आम्ही आलोच नाही, तर दुरुस्त होण्यासारखं प्रत्येक यंत्र बिडाच्या भावाने जाऊन भट्टीत पडेल. हे लेथ तोडलं गेलं असतं. आज त्यावर पंपाचे बुश निघतात. लांब शाफ्ट जमत नाही, मध्येच टेपर येतो, म्हणजे जाडी एकसारखी राहत नाही, पण आखूड काम नीट होतं.

शेवटी तुम्ही टोमणा मारलाय, ‘भंगारात घालाल तेव्हा सांगा, वजनाने घेऊ.’ वजनाने नाही देणार, दादा. पण लॉटमध्ये चार जबड्यांचं एक जास्तीचं चक आलंय, ते माझ्या कामाचं नाही. एखाद्या रविवारी वडिलांना घेऊन या. लेथ चालू करून दाखवतो, इथे वीज आहे. बेडवर पेटीही नाही.