‘मन सुटलं की घर विकलं जातं’ म्हणे! आमच्या आईने हे वाचलं म्हणून लिहितेय

सध्या एक मेसेज खूप फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. घर बरेच दिवस विकलं जात नसेल तर त्याचा अर्थ काय, याबद्दलचा. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं की मालकाचा जीव घरात अडकलेला असतो म्हणून गिऱ्हाईक टिकत नाही, मन सोडवा, घर आपोआप जाईल. मग पुढे, घाई करू नका, घरांचा भाव कधी खाली येत नाही. भाव चढाच सांगा, घासाघीस होणारच आहे. मनातल्या आकड्यापेक्षा कमीत दिलं तर ते नुकसान. आणि शेवटी, थांबायला काही पैसे पडत नाहीत, योग्य माणूस येतोच.

एरवी मी असल्या गोष्टींना उत्तर देत बसत नाही. पण आमचं आईबाबांचं घर सव्वादोन वर्षं झाली विकायला काढलंय, बाबा गेल्यावर आई माझ्याकडे राहायला आली तेव्हापासून ते बंद आहे, आणि आईने हा मेसेज वाचून रात्री जेवताना मला विचारलं, "माझा जीव अडकलाय म्हणून जात नाहीये का गं घर?" ताटातलं तसंच ठेवून उठली ती. त्यामुळे मला हे सगळं एकेक करून लिहायचंच आहे.

"मालकाचा जीव अडकलाय म्हणून"

घर बघायला येणाऱ्या माणसाला तुमचं मन दिसत नाही हो. त्याला भिंत दिसते, ओल दिसते, उजेड दिसतो, वास येतो. आमच्याकडे पहिल्या काही महिन्यांत ज्या पार्ट्या आल्या त्या सगळ्या हॉलमध्ये छान बोलायच्या आणि बाथरूमच्या दारापर्यंत गेल्या की परत फिरायच्या. एजंट म्हणाला बंद घराचा वास आहे, खिडक्या उघडत जा. मी दर रविवारी जाऊन खिडक्या उघडायचे, फिनेल टाकायचे, वास काही जाईना. शेवटी एका नळाच्या कामासाठी प्लंबर आला होता, त्याने दारातूनच सांगितलं की ताई नहाणी ट्रॅप सुकलाय. जाळीखाली जे वाकडं भांडं असतं ना त्यात कायम थोडं पाणी साचून असतं, तेच खालच्या पाइपातला वास अडवतं, आणि घरात कोणी पाणीच वापरत नसेल तर ते हळूहळू उडून जातं मग सगळी घाण वरती. त्याने दोन मग पाणी ओतलं, वरून चमचाभर गोडंतेल टाकलं, म्हणाला तेलाचा थर असला की पाणी लवकर उडत नाही. बेसिन, किचनचं सिंक, कमोड, सगळीकडे तेच. पुढच्या वेळी जे जोडपं आलं ते बाथरूममध्ये उभं राहून फरश्या किती जुन्या आहेत हे विचारत होतं. आईच्या मनात त्या आठवड्यात काहीही बदललं नव्हतं.

आणि मन अडकल्यामुळेच घरं अडत असती तर बँकांनी जप्त केलेली घरं एका दिवसात गेली असती. बँकेचा कसला जीव अडकणार, तरी लिलावाला माणूस येत नाही आणि पुन्हा पुन्हा लिलाव लावावा लागतो. जपानमध्ये २०२३ च्या सरकारी पाहणीत साधारण ९० लाख घरं रिकामी सापडली, देशातल्या एकूण घरांच्या जवळजवळ १४ टक्के. तिथे लोकसंख्या घटतेय, गावं ओस पडतायत, घ्यायला माणूसच नाही. तिथल्या मालकांनी मन कितीही सोडवलं तरी काय होणार आहे.

एका ठिकाणी मात्र मनाचा हात खरंच पोचतो, ते म्हणजे भाव. १९९० मध्ये कानमन, क्नेच आणि थेलर या अभ्यासकांनी एक साधा प्रयोग छापला होता, काही जणांना कॉफीचे मग देऊन टाकले आणि विचारलं केवढ्याला विकाल, बाकीच्यांना विचारलं केवढ्याला घ्याल. काही मिनिटांपूर्वी हातात आलेल्या मगाचे मालकांनी दुपटीहून जास्त पैसे मागितले. मग ज्या घरात माणसाची ३५ वर्षं गेली त्याचं काय होत असेल! म्हणजे आपण आपल्या घराचा भाव मुळातच वरचा धरतो, सगळेच धरतात, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण यावरचा उपाय आकडा कमी करणं हा आहे आणि तो जीव अडकलेला ठेवूनही करता येतो. आईला मी हेच सांगितलं, तू रड, तुला हवं तेवढं त्या घराबद्दल बोल, त्याने व्यवहार अडत नाही, भाव काय ठेवायचा ते आपण वेगळं बसून ठरवू.

"भाव कधी खाली येत नाही"

येतो की. अमेरिकेत २००६ पासून २०१२ पर्यंत घरांचे भाव देशभराच्या सरासरीने पाव हिश्शाहून जास्त पडले होते. जपानमध्ये १९९१ नंतर जमिनीचे भाव दहा वर्षांहून जास्त काळ उतरतच राहिले. आणि जिथे वाढतात तिथे महागाई वजा करून बघा, अ‍ॅमस्टरडॅमच्या हेरेनग्राख्त नावाच्या कालव्यावरच्या घरांच्या व्यवहारांचा १६२८ ते १९७३ असा जवळजवळ साडेतीनशे वर्षांचा हिशेब एका अभ्यासकाने मांडलाय, तिथे महागाई काढून टाकली तर भाव एवढ्या काळात जेमतेम दुप्पट झालेला दिसतो. आणि ती शहरातल्या सगळ्यात चांगल्या जागेवरची घरं.

"चढाच भाव सांगा, घासाघीस होणारच"

यात थोडं तथ्य आहे हे मला मान्य करायला हवं. १९८७ मध्ये अमेरिकेतल्या टूसॉन शहरात नॉर्थक्राफ्ट आणि नील या दोघा अभ्यासकांनी एकच घर वेगवेगळ्या लोकांना दाखवलं, प्रत्येकाला सांगितलेला भाव वेगळा. ज्यांना चढा भाव सांगितला त्यांनी घराची किंमतही चढी काढली, आणि त्यात मुरलेले एजंटसुद्धा होते, जे म्हणत होते की आम्ही सांगितलेल्या भावाकडे बघतच नाही. म्हणजे चढा आकडा काम करतो. पण कोणावर? जो दारात आलाय त्याच्यावर. आता लोक आधी मोबाइलवर शोधतात, कमाल बजेट टाकतात आणि त्याच्यावरची घरं त्यांना दिसतच नाहीत. तुम्ही घासाघीस करायला तयार आहात हे त्या माणसाला कळणार कसं, त्याच्या यादीत तुमचं घर आलेलंच नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे घर शिळं दिसायला लागतं. "हे अजून आहे का" असं कोणी विचारलं की पाठोपाठ "का बरं" येतंच, आम्हाला फोनवर कितीदा विचारलंय. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात पूर्वी एजंट लोक लिस्टिंग, म्हणजे घराची विक्रीची नोंद, काढून पुन्हा टाकायचे म्हणजे घर किती दिवस पडून आहे तो आकडा शून्यावर यायचा. २००६ मध्ये हे बंद केलं, खरे दिवस दिसायला लागले, आणि बराच काळ पडून असलेल्या घरांना भाव कमी मिळायला लागला. घर तेच, फक्त लोकांना आता दिवस दिसत होते. चढा भाव लावून आपण हेच दिवस स्वतःच्या हाताने वाढवत असतो, आणि सुरुवातीचे काही आठवडे जेव्हा सगळ्यात जास्त लोक बघतात ते फुकट जातात. आमचे तसेच गेले, शेजारच्या घराचा कोणीतरी सांगितलेला ऐकीव भाव धरून आम्ही सुरुवात केली होती.

"मनातल्या आकड्यापेक्षा कमी म्हणजे नुकसान"

या मुद्द्यावर मी सगळ्यात जास्त चुकले म्हणून जरा सविस्तर. जेनेसोव्ह आणि मेयर यांचा २००१ चा एक अभ्यास आहे, बॉस्टनमधल्या फ्लॅट्सवरचा, तिथे ९० च्या सुमारास भाव पडले होते. ज्यांना घेतलेल्या किमतीपेक्षा कमीत विकायची वेळ आली होती ते त्या तुटीच्या २५ ते ३५ टक्के एवढा भाव इतरांपेक्षा वाढवून सांगत होते. त्यातलं थोडंफार त्यांना मिळालंही, त्याच तुटीच्या ३ ते १८ टक्के, हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. पण त्यांची घरं विकली जायला बाकीच्यांपेक्षा जास्त वेळ लागला. तुम्ही केवढ्याला घेतलं होतं याच्याशी घेणाऱ्याला काही देणंघेणं नसतं. तो आजूबाजूची चार घरं बघतो आणि तुलना करतो, एवढंच.

आमचं घर बाबांनी फार पूर्वी घेतलेलं, त्यामुळे खरेदीची किंमत हा आम्हाला बांधून ठेवणारा खुंटा नव्हता. आमचा खुंटा होता पहिली ऑफर. दुसऱ्याच महिन्यात एक पार्टी आली होती, बरी ऑफर दिली होती, आम्ही भावंडांनी फोनवर बोलून ठरवलं की आत्ताच एवढी येतेय तर पुढे जास्तच येईल, आणि नाही म्हटलं. त्यानंतर जी येईल ती ऑफर आम्ही त्या पहिलीशी मोजायला लागलो. "तेव्हा तर एवढे देत होते" हे वाक्य आमच्या घरात इतक्या वेळा बोललं गेलंय की ते बोललं की दादा उठून बाल्कनीत जातो. ती ऑफर आता नाहीये. तो माणूस दुसरीकडे घर घेऊन राहायलासुद्धा गेला. मला हे कळायला जवळजवळ दीड वर्ष लागलं की आपल्यासमोर आज जे आहे त्यातूनच निवडायचंय, आणि एकदा कळल्यावर मी स्वतःला एकच प्रश्न विचारते, समजा आज माझ्या हातात घराऐवजी समोरच्या ऑफरएवढी रोख रक्कम असती तर मी ती देऊन हेच घर घेतलं असतं का? उत्तर नाही असेल तर मी ती ऑफर नाकारते कशाच्या जोरावर?

"थांबायला पैसे पडत नाहीत"

कागद घ्या आणि मांडा. समजा तुम्हाला १०० हवेत आणि आज कोणी ९० देतोय. ९० घेऊन ७ टक्क्यांनी ठेवले तर दीड वर्षात ९९.४५ होतात. नाही घेतले, दीड वर्ष थांबलात आणि खरोखर १०० मिळाले, तरी मधल्या काळात कर, मेंटेनन्स, किरकोळ दुरुस्ती मिळून वर्षाला दीड जरी धरला तरी सव्वादोन गेले, हातात ९७.७५. म्हणजे मनासारखा भाव मिळूनही तुम्ही मागेच. कर्जाचा हप्ता चालू असेल तर हिशेब अजून वाईट होतो. आणि यात रविवार धरलेच नाहीयेत, किल्ल्या घेऊन जा, झाडून काढा, पार्टीची वाट बघत बसा, पार्टी येत नाही, फोन उचलत नाही. भावंडांमध्ये "तूच नाही म्हणाला होतास" सुरू होतं त्याचा तर आकडाच काढता येत नाही.

फक्त घाबरून मिळेल त्याला देऊन टाकू नका, ही गोष्ट मेसेजमध्ये बरोबर आहे. लेव्हिट आणि सिव्हर्सन यांनी २००८ मध्ये शिकागोकडच्या जवळपास एक लाख व्यवहारांवर काम छापलं, त्यात एजंट स्वतःचं घर विकताना इतरांच्या घरापेक्षा जास्त थांबतात आणि ३.७ टक्के जास्त मिळवतात असं दिसलं. पण ते जास्तीचं थांबणं सरासरी साडेनऊ दिवसांचं होतं. आम्ही सव्वादोन वर्षांत आहोत.

मागच्या महिन्यात आम्ही तिघं भावंडं आईला घेऊन बसलो आणि तारीख ठरवली. भाव दुसऱ्यांदा कमी केलाय, आता खरंच जे व्यवहार झालेत त्यांच्या बरोबरीला आणलाय. ठरवलेल्या तारखेपर्यंत नाही गेलं तर भाड्याने द्यायचं आणि दोन वर्षं हा विषयच काढायचा नाही, म्हणजे निदान घरात माणसं राहतील, नळ वाहता राहील. बघायला येऊन जो नाही म्हणतो त्याला आता आम्ही एकच प्रश्न विचारतो, कशामुळे नको वाटलं, आणि ते वहीत लिहितो. आत्तापर्यंत सात जणांचं लिहिलंय, चौघांनी किचनमधला अंधार सांगितला, म्हणून परवा तिथे दोन दिवे लावून घेतले. मालकाच्या मनाबद्दल एकही जण काही बोललेला नाही, ती वही मी आईला वाचायला दिली.

रविवार आम्ही वाटून घेतलेत. या रविवारी दादा जाईल, सगळ्या नहाण्यांमध्ये पाणी ओतेल. आई म्हणाली मीही येते, तेलाची बाटली मीच घेते.