ते चित्र लोणारचं नाही

लोणारच्या दैत्यसूदन मंदिरात हजार वर्षांपूर्वीचं चित्र सापडलं, असा मेसेज सध्या मेहकर-लोणारकडच्या गावांत व्हॉट्सॲपवर फिरतोय. काड्यांसारख्या लांब पायांचा अवाढव्य किडा अन् पाठीवर माणसं! चित्र झकास आहे, पण ते २००२ साली आलेल्या बेथेस्डा कंपनीच्या ‘मॉरोविंड’ या व्हिडिओ गेमसाठी काढलेलं जुनं रेखाटन आहे. किड्याचं नाव सिल्ट स्ट्रायडर. त्याचं कवच पोखरून आत माणसं बसवतात आणि हाकणारा त्याचे उघडे अवयव चाळवून त्याला वळवतो. गेम बनण्याआधी कलाकार अशी चित्रं काढून ठेवतात. दैत्यसूदनात पाहायचं ते दगडातलं कोरीवकाम, पेन्सिलीचं नाही. पोट्टेहो, ‘ते चित्र कुठंय?’ म्हणून तिथल्या चौकीदाराला पिडणं आता बंद करा.